सुरी, पाहुणा आणि सर ब्रॅनॉक : एका निर्णयाची उलटतपासणी

टेबलटॉप रोलप्लेइंग, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेका पात्राच्या वतीनं गोष्ट पुढं नेण्याचा खेळ, खेळणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : "माझं कॅरेक्टर असंच वागेल." कधी ते मनाच्या तळातून आलेलं असतं, कधी निव्वळ पळवाट असते. यातलं कुठलं कधी असतं ते ओळखायचं कसं, हा प्रश्न गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि बाकीची पात्रं सांभाळणारा, म्हणून मला बरीच वर्षं छळतो आहे. एरवी आपण बाहेरून दिसतं त्यावर जातो. खेळाडूनं आवाज बदलला, हातवारे केले, पात्राच्या वतीनं ‘मी’ म्हणाला, की तो कॅरेक्टरमध्ये शिरला असं धरून चालतो. मला हे पटत नाही. खेळाडू पात्रात किती आहे हे तो निर्णय घेताना कोणती कारणं तोलतो त्यावरून कळतं. ती कारणं पात्राला ठाऊक असणारी, पात्रालाच बोचणारी असतील, तर ते इमर्शन, म्हणजे पात्रात खरोखर बुडून जाणं. आवाज कसा का असेना.

हे मत तपासायला पुण्यातल्या आमच्या टेबलावरचा एक प्रसंग फार उपयोगी पडला. तो इथे सविस्तर मांडतो. तिन्ही खेळाडूंनी लिहायला परवानगी दिली आहे. त्यांची नावं मात्र देत नाही, त्यांच्या पात्रांच्या नावांनीच त्यांना ओळखू.

खेळ आणि त्याचे नियम

आम्ही ‘पेंड्रॅगन’ खेळत होतो. ग्रेग स्टॅफर्ड यांनी रचलेला हा खेळ केऑसियम या अमेरिकन प्रकाशनसंस्थेनं १९८५ मध्ये आणला. राजा आर्थरच्या दंतकथांमधलं ब्रिटन, आणि खेळाडू म्हणजे तिथले नाइट. साधारणपणे एका सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या एका बैठकीत, एक वर्ष सरतं. उन्हाळ्यात मोहीम, हिवाळ्यात जमीनजुमला, लग्नकार्य, मुलंबाळं, म्हातारपण. नाइट मेला की त्याचा मुलगा घेऊन पुढं खेळायचं. पात्र तयार करतानाच आजोबांचा आणि वडिलांचा इतिहास वर्षावर्षानं फाशांवर ठरतो. त्यामुळे बापजाद्यांचं वैर नुसती पार्श्वभूमी राहत नाही, शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदीच्या कागदावर, आकडा होऊन बसतं.

खरी वेगळी गोष्ट पुढं आहे. इथे पात्राच्या स्वभावालाही आकडे आहेत. दयाळू आणि क्रूर, क्षमाशील आणि सूडबुद्धीचा, सावध आणि बेधडक, नम्र आणि गर्विष्ठ, अशा तेरा जोड्या. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. एक बाजू वाढली की दुसरी तेवढीच घटते. वीस बाजूंचा फासा टाकायचा, म्हणजे रोल करायचा, आकडा आपल्या गुणाइतका किंवा त्याहून कमी आला तर पात्र त्या गुणाप्रमाणे वागतं. रोल फसला तर उलट गुणावर रोल. तोही फसला तर खेळाडू मोकळा. गुण सोळा किंवा वर असेल तर तो माणूस त्या गुणासाठी पंचक्रोशीत ओळखला जातो, आणि गेममास्टर त्याला रोल करायला भाग पाडू शकतो. याशिवाय ‘पॅशन’ असतात. धन्याशी निष्ठा, कुटुंबावरचं प्रेम, आतिथ्य, मान, सॅक्सनांचा, म्हणजे ब्रिटनवर चाल करून आलेल्या परक्यांचा, द्वेष. दोन पॅशन आमनेसामने आल्या तर दोन्हींवर रोल करायचा. यशस्वी रोलपैकी जो मोठा तो जिंकतो.

१९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पात्राची ताकद, बुद्धी, चपळाई आकड्यांत होती. अलाइनमेंट, म्हणजे पात्राचा नैतिक कल, हीही होती, पण अमुक क्षणी पात्राला राग येतो का, हे ठरवणारा फासा नव्हता. मन खेळाडूच्या ताब्यात, शरीर नियमांच्या, असा अलिखित करार होता. स्टॅफर्ड यांनी तो मोडला, आणि म्हणून पेंड्रॅगनच्या टेबलावर एक तक्रार कायम ऐकू येते : माझ्या नाइटला काय वाटतं हे सांगणारा फासा कोण?

हॉलमधली रात्र

सर ब्रॅनॉक हा सॅलिसबरीच्या अर्लचा, म्हणजे तिथल्या मोठ्या सरदाराचा, नाइट. त्याची खेळाडू बँकेत काम करते, फार कमी बोलते, नाटकीपणा तिला मुळीच जमत नाही. ब्रॅनॉकचा बाप तो जन्मायच्या आधीच गेला. दंतकथेत एक प्रसंग आहे : सॅक्सन सरदार हेंगिस्टनं ब्रिटनच्या सरदारांना तहाच्या बोलणीसाठी मेजवानीला बोलावलं, आणि इशारा होताच बुटांत लपवलेले सुरे काढून सॅक्सनांनी शेजारी बसलेल्यांना भोसकलं. फाशांनी ब्रॅनॉकच्या बापाला नेमकं त्या मेजवानीत धाडलं. तेव्हापासून ब्रॅनॉकच्या शीटवर ‘सॅक्सनांचा द्वेष १७’ होतं. आतिथ्य १५.

पहिल्याच सेशनमध्ये तिनं सहज एक तपशील घातला होता. बापाची जेवणाची सुरी लग्नात आईच्या माहेरून आलेली, हाडाची मूठ, मुठीवर रानडुकराचं डोकं कोरलेलं. आई तिच्याबद्दल बोलायची. ब्रॅनॉकनं ती कधी पाहिलेली नव्हती. मी तो तपशील वहीत टिपून ठेवला.

पुढं एका हिवाळ्यात बर्फानं वाट बंद झाली आणि एक सॅक्सन दूत ब्रॅनॉकच्या दारात आसरा मागायला आला. वुल्फरिक, वय तिशीच्या आसपास, सोबत दोन नोकर. ब्रॅनॉकनं दात-ओठ खात का होईना, त्याला आत घेतलं, मीठ-पाव दिला, चुलीजवळची जागा दिली. हॉलमध्ये त्या रात्री ब्रॅनॉकचे दोन सोबती होते : सर ओवेन आणि सर गॅरेल. ब्रॅनॉकची आई एलेन, तिची भूमिका माझ्याकडे.

मांस वाढल्यावर वुल्फरिकनं कमरेची सुरी काढली. मी एवढंच सांगितलं : "हाडाची मूठ. त्यावर रानडुकराचं डोकं. एलेनच्या हातातला पेला खाली पडतो."

टेबलावर शांतता झाली. मग गॅरेलचा खेळाडू, जो न्यू जर्सीहून डिस्कॉर्डवर ऑनलाइन खेळतो, म्हणाला, "अगं, सरळ रोल करून टाक ना. द्वेष विरुद्ध आतिथ्य." नियमाप्रमाणे तो बरोबर होता. द्वेष सोळाच्या वर असल्यामुळे रोल मागायचा अधिकार मलाही होता. मी लगेच मागितला नाही. त्याऐवजी ब्रॅनॉकच्या खेळाडूला विचारलं, "ब्रॅनॉकच्या हातात आत्ता काय आहे?"

"पाव. अर्धा तोडलेला. पाहुण्याला द्यायला उचलला होता."

"आणि आई?"

"आईकडं बघत नाही मी. बघितलं तर संपलंच."

इथून पुढं ती माझ्याशी बोलत नव्हती. वुल्फरिककडं, म्हणजे माझ्याकडंच, पण वेगळ्या नजरेनं बघून तिनं विचारलं, "ही सुरी तुम्हाला कुठं मिळाली?"

वुल्फरिक म्हणाला, "माझ्या बापानं दिली. मी लहान होतो."

"तुझ्या बापानं ती कुणाच्या कमरेची काढून घेतली, हे सांगितलं का तुला?"

‘तुम्ही’चं ‘तू’ झालं ते याच जागी. तिनं ते ठरवून केलं नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा तिला आठवतही नव्हतं. मराठीत खेळणाऱ्या टेबलाला मिळालेली ही मोठी देणगी आहे असं मला वाटतं. पाहुण्याशी, वैऱ्याशी, धन्याशी बोलताना आपल्याला दर वाक्याला निवड करावी लागते, आणि ती निवड खेळाडूच्या डोक्यात शिजत असलेला निर्णय आधीच उघडा करते. फासा पडायच्या आधी ब्रॅनॉकनं वुल्फरिकला पाहुणेपणातून काढलं होतं.

तेव्हा मी रोल मागितला.

फासा काय म्हणाला

आकडे बघू, कारण पुढचा वाद त्यांवरच उभा आहे. द्वेष १७ आणि आतिथ्य १५ समोरासमोर आल्यावर द्वेष जिंकण्याची शक्यता साधारण ५५ टक्के येते, आतिथ्याची साधारण ३७.५ टक्के, आणि उरलेल्या साडेसात टक्क्यांत बरोबरी होते किंवा दोन्ही रोल फसतात. म्हणजे पारडं वैराकडं झुकलेलं, पण एकतर्फी नव्हे. हे प्रमाण मला त्या माणसाचं अगदी योग्य वर्णन वाटतं.

द्वेषाचा रोल ९. यशस्वी. आतिथ्याचा रोल १३. तोही यशस्वी, आणि मोठा. आतिथ्य जिंकलं.

ती फाशाकडं बघून म्हणाली, "नाही. ब्रॅनॉक आत्ता गप्प बसूच शकत नाही."

हा या प्रकरणाचा कणा आहे. मन लावून खेळणारी खेळाडू, पात्राच्या वेदनेत पूर्ण उतरलेली, आणि नियम तिला सांगतो की तुझं पात्र तसं वागत नाही. नियम हटवादीपणे लादला तर ती शीट बाजूला ठेवून बाहेर येणार, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नियम सोडून दिला तर स्वभावाच्या आकड्यांना पुढं कुणी किंमत देणार नाही, आणि आतिथ्य १५ लिहिताना तिनंच जो माणूस घडवला होता तो नुसता शोभेचा ठरणार.

मी विचारलं ते असं : "ब्रॅनॉक पाहुण्याला हात लावत नाही, एवढंच ठरलं आहे. का लावत नाही, हे तू सांग. आणि हात न लावता काय करतो, तेही."

फासा पात्राचा हात बांधतो, मन बांधत नाही. पेंड्रॅगनचा नियम मी असाच वाचतो. द्वेष हरला याचा अर्थ द्वेष विझला असा नाही. तो सतरावरच आहे, फक्त या क्षणी त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी आडवं आलं. ते मोठं काय, हे शीटवर लिहिलेलं नसतं. ते फक्त खेळाडू शोधू शकतो, आणि शोधायला त्याला पात्राच्या आतच जावं लागतं.

ती बराच वेळ बोलली नाही. मग तिनं सांगितलं : ब्रॅनॉक हातातला पाव वुल्फरिकच्या ताटात ठेवतो. उठतो. भिंतीवरची तलवार काढतो आणि टेबलावर, दोघांच्या मधोमध, आडवी ठेवतो.

"माझा बाप जेवायला बसला होता, तेव्हा तुमच्या लोकांनी त्याला मारलं. मी तुमच्यासारखा नाही. उजाडेपर्यंत तुम्ही माझे पाहुणे. उजाडलं की माझ्या शिवेपर्यंत मी स्वतः सोडायला येईन. शिवेपलीकडं तुम्ही माझे कुणी नाही."

पुन्हा ‘तुम्ही’. आतिथ्य जिंकल्याचं त्या वाक्यातच ऐकू आलं.

नंतर तिनं जे सांगितलं ते मला या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं. फाशांशिवाय तिनं वुल्फरिकला जागच्या जागी मारलं असतं. जेवणाच्या टेबलावर पाहुण्याला मारणं म्हणजे बापाच्या खुन्यांनी केलं तेच करणं, हे तिच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. फाशानं वाट अडवली, म्हणून तिला कारण शोधावं लागलं, आणि सापडलेलं कारण ब्रॅनॉकचंच निघालं. ते तिनं बाहेरून आणून चिकटवलेलं नव्हतं. माझ्या मते स्वभावाचे नियम नीट चालतात तेव्हा हेच घडतं. पहिल्या उसळीला जे सुचतं ते पुष्कळदा खेळाडूचं असतं, सिनेमांतून आणि आधीच्या मोहिमांतून साठलेलं. त्या उसळीला थोडा अडसर लागला की पात्राला बोलायला जागा मिळते.

पण इथे वेळ फार महत्त्वाची आहे. गॅरेलच्या खेळाडूनं सुचवलं त्या क्षणीच रोल झाला असता, तर तोच १३ तिला नुसता अडथळा वाटला असता. हातातला पाव, न बघितलेली आई, वुल्फरिकचं ‘मी लहान होतो’, हे सगळं रोलच्या आधी घडलं म्हणून रोलला धरायला काहीतरी होतं. नियमपुस्तक रोल कधी मागता येतो हे सांगतं. पात्राच्या डोळ्यांसमोर पुरेसा ऐवज जमला आहे का, हे गेममास्टरनं ओळखायचं असतं.

गप्प बसलेला ओवेन

त्या रात्री हॉलमध्ये आणखी एक निर्णय घेतला गेला आणि तो कुणालाच दिसला नाही.

आधीच्या सेशनमध्ये ओवेनला अर्लकडून एक गुपित कळलं होतं. वुल्फरिक साधा दूत नव्हता. सॅक्सनांमधल्या एका गटानं दुसऱ्या गटाची बातमी विकायचं ठरवलं होतं, येत्या उन्हाळ्यात जहाजं कुठं लागणार आहेत ती जागा. वुल्फरिक मेला तर ती जागा कळणार नाही आणि किनारा उघडा पडेल. हे कुणालाही सांगणार नाही, असं वचन ओवेननं अर्लला दिलं होतं.

आमच्या टेबलावर गुपितं चिठ्ठीवर द्यायची पद्धत नाही. त्यामुळे ते सगळ्या खेळाडूंनी ऐकलेलं होतं. म्हणजे ब्रॅनॉकच्या खेळाडूला ते ठाऊक होतं, ब्रॅनॉकला नव्हतं. समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी १९८३ मध्ये या खेळांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी दाखवलं आहे की टेबलावर बसलेला प्रत्येक जण एकाच वेळी तीन पातळ्यांवर असतो : घरी जायची वेळ झाली हे जाणणारा माणूस, नियम आणि डावपेच जाणणारा खेळाडू, आणि खेळातल्या जगात राहणारं पात्र. प्रत्येक पातळीवरची माहिती वेगळी. आपण ज्याला मेटागेमिंग म्हणतो ते म्हणजे मधल्या पातळीवरची माहिती खालच्या पातळीवर गळणं. ब्रॅनॉकच्या खेळाडूनं ती गळू दिली नाही, हे तिच्या बोलण्यावरून दिसतं. दूताला वाचवायचं कारण तिनं जहाजांत शोधलं नाही, बापाच्या शेवटच्या जेवणात शोधलं.

ओवेनचा खेळाडू मात्र सगळ्या प्रसंगात एक शब्द बोलला नाही. मला वाटलं तो कंटाळला. गॅरेलच्या खेळाडूनं नंतर बोलूनही दाखवलं, की एका खेळाडूला एवढा वेळ दिला की बाकीचे बाहेर पडतात. यावर ओवेनचा खेळाडू म्हणाला, "बाहेर? अरे, माझा घसा कोरडा पडला होता."

तो संपूर्ण वेळ एकच गोष्ट तोलत होता. एक वाक्य उच्चारलं तर मित्र खून करण्यापासून वाचतो आणि किनाराही वाचतो, पण अर्लला दिलेला शब्द मोडतो. त्याच्या शीटवर धन्याशी निष्ठा १८. त्यानं माझ्याकडं रोल मागितला नाही, कारण त्याच्या मनात शंका उरली नव्हती. ओवेन बोलणार नाही, हे त्याला माहीत होतं. ब्रॅनॉकनं तलवार काढली तेव्हाही ओवेन बोलणार नव्हता. "आणि त्यासाठी मी स्वतःला माफ केलं नसतं," असं तो म्हणाला. हे वाक्य ओवेनचं होतं की त्याच्या खेळाडूचं, मला सांगता येत नाही.

माझ्या दृष्टीनं त्या रात्रीचं सर्वांत गाढ इमर्शन हे होतं. ना आवाज, ना हावभाव, ना फासा. आपल्याकडचे गेममास्टर, आणि मीही त्यात आलो, बोलणाऱ्याला बक्षीस देतात. जास्त बोललं की जास्त वेळ, जास्त लक्ष, कधी कधी बोनसही. गप्प राहून निर्णय घेणाऱ्याला काहीच मिळत नाही, आणि हळूहळू तोही बोलायला, म्हणजे सादर करायला शिकतो. फिनलंडच्या माइक पोहयोला यांनी २००० मध्ये टुर्कू स्कूल या रोलप्लेइंगच्या विचारपंथाचा जाहीरनामा लिहिला, तेव्हा लाइव्ह, म्हणजे टेबलाऐवजी प्रत्यक्ष वावरून खेळायच्या, रोलप्लेइंगच्या संदर्भात त्यांनी पात्र सादर करण्यापेक्षा पात्र होऊन राहण्याला वरचं स्थान दिलं होतं. त्यांचा सूर मला जरा कडवा वाटतो, पण ओवेनच्या बाबतीत तो खरा ठरतो.

गॅरेलचं काय

गॅरेलचा खेळाडू आमच्यातला सर्वांत चांगला नट. कॉलेजात एकांकिका स्पर्धा गाजवलेला. प्रसंगाच्या ऐन मध्यावर त्यानं गॅरेलच्या भारदस्त आवाजात ब्रॅनॉकला सुनावलं : "तलवार म्यान कर, मित्रा. या माणसाच्या रक्तानं आपल्या भूमीवर संकट येईल." ऐकताना अंगावर काटा आला. पण गॅरेलला संकटाची काही कल्पनाच नव्हती. ती बातमी ओवेनजवळ होती. आवाज गॅरेलचा, कारण खेळाडूचं.

यात मी त्याला दोष देत नाही. मोहीम फसू नये, चार तासांची संध्याकाळ वाया जाऊ नये, टेबल एकत्र राहावं, ही खेळाडूच्या पातळीवरची कारणं फार मोलाची असतात, आणि ती बाळगणारा एक जण टेबलावर असणं भाग्याचं. मला एवढंच म्हणायचं आहे की अभिनय आणि इमर्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एका रात्रीत, एकाच हॉलमध्ये, तीन माणसांत त्या वेगवेगळ्या दिसल्या. ब्रॅनॉकची खेळाडू थोडं बोलली आणि आत होती. ओवेनचा अजिबात बोलला नाही आणि आत होता. गॅरेलचा सुंदर बोलला आणि बाहेर होता.

दुसऱ्या नियमांत हाच प्रसंग

तुलनेसाठी आम्ही नंतर हाच प्रसंग इतर खेळांच्या नियमांत मनातल्या मनात लावून पाहिला.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीत पात्राचे आदर्श, बंध आणि दोष लिहिलेले असतात, पण ते बंधनकारक नाहीत, त्यांना धरून खेळलं तर डंजन मास्टर, म्हणजे तिथला गेममास्टर, इन्स्पिरेशन, म्हणजे एखाद्या रोलमध्ये फायदा, देऊ शकतो. तिथे निर्णय पूर्ण तिचा राहिला असता, आणि तिच्याच सांगण्यावरून वुल्फरिक मेला असता. ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा केऑसियमचाच १९८१ चा खेळ. त्यात सॅनिटी, म्हणजे मानसिक तोल, ढासळली की पात्रावरचा ताबा काही काळ सुटतो, पण तो धक्का बाहेरच्या भयानकाचा असतो. दोन मूल्यांच्या भांडणाला तिथे जागा नाही.

‘फेट’ या खेळाचं मला विशेष वाटलं. तिथे पात्राची ओळख ॲस्पेक्ट नावाच्या छोट्या वाक्यांत लिहिलेली असते. तिथे मी तिला एक फेट पॉइंट, म्हणजे पुढं फायद्यासाठी खर्च करता येणारं टोकन, पुढं करून म्हटलं असतं, तुझ्या ‘बापाचा सूड’ या ॲस्पेक्टमुळे ब्रॅनॉक हात उगारतो, मंजूर? ती पॉइंट घेऊन हो म्हणू शकते, किंवा एक पॉइंट देऊन नाकारू शकते. कथा एकत्र रचायला हा उत्तम नियम आहे, मी तो आवडीनं वापरतो. पण तो प्रश्न लेखकाला विचारलेला आहे. संकट ओढवून घ्यायची किंमत मिळते आहे, घेणार का, हा हिशेब ब्रॅनॉक करू शकत नाही. हातात पाव धरून बसलेल्या माणसाला त्या क्षणी टेबलावर पॉइंट दिसत नसतात. ज्या टेबलाला पात्राच्या आतून निर्णय घ्यायचे आहेत, त्यानं ऐन प्रसंगात असा सौदा पुढं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. असा सौदा, फेटच्या भाषेत कंपेल, करायचाच तर प्रसंगाच्या आधी किंवा नंतर.

नंतर

सेशन संपल्यावर ब्रॅनॉकच्या खेळाडूचे हात थरथरत होते. पात्राच्या भावना खेळाडूत आणि खेळाडूच्या पात्रात झिरपतात, त्याला अमेरिकन गेम डिझायनर एमिली केअर बॉस यांनी २००७ मध्ये ‘ब्लीड’ हे नाव दिलं आणि आता ते सगळीकडं रूढ आहे. आमच्या टेबलावर जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांचं एक्स-कार्ड कायम असतं : कुणीही ते उचललं की प्रसंग थांबतो, कारण विचारायचं नाही. त्या रात्री कुणी उचललं नाही. तरी आम्ही लगेच पांगलो नाही. चहा केला, पात्रांबद्दल बोलणं बंद ठेवलं, तिच्या बँकेतल्या बदल्यांबद्दल बोललो. पात्रात इतकं खोल जायला सांगणाऱ्या टेबलानं बाहेर यायला वेळ दिलाच पाहिजे. तो खेळाचाच भाग धरून वेळापत्रकात बसवावा.

पहाटे शिवेवर द्वंद्व झालं. वुल्फरिक जखमी झाला, मेला नाही. ब्रॅनॉकनं सुरी घेतली आणि त्याला जाऊ दिलं. तिथे क्षमाशील आणि सूडबुद्धी या जोडीवर रोल झाला, दोन्ही फसले, म्हणून निवड तिची होती. जहाजांची बातमी अर्लपर्यंत पोचली, पण उशिरा. किनाऱ्यावरची दोन गावं जळाली. ओवेननं ब्रॅनॉकला आपल्याला काय माहीत होतं ते अजून सांगितलेलं नाही.

हिवाळ्याच्या टप्प्यात ज्या गुणांवर खूण झाली असेल त्यांवर पुन्हा रोल करतात. आकडा सध्याच्या गुणापेक्षा मोठा आला तर गुण एकानं वाढतो. ब्रॅनॉकच्या आतिथ्याला १८ पडला. १५ चे १६ झाले. म्हणजे आता दारात कुणीही आलं तरी आतिथ्याचा रोल त्याला टाळता येणार नाही, आणि सॅक्सनांचा द्वेष अजून १७ आहेच.

टेबलाच्या रिवाजात दोन बदल केले. पॅशनचा रोल कधी करायचा हे ज्याचं पात्र आहे तो खेळाडू आणि मी मिळून ठरवतो, बाकीच्यांनी ‘रोल कर’ म्हणायचं नाही. आणि सेशनच्या शेवटी मी प्रत्येकाला विचारतो, आज तुझ्या पात्रानं न बोलता काय ठरवलं? उत्तर द्यायलाच हवं असं नाही. पहिल्याच वेळी ओवेनच्या खेळाडूनं इतकं सांगितलं की उशीर झाला.

गॅरेलच्या खेळाडूला यातलं बरंचसं अजून मान्य नाही. त्याचं म्हणणं असं की तिला पाव आणि तलवार सुचली ती ती चांगली खेळाडू आहे म्हणून, फाशामुळे नव्हे. दुसऱ्या कुणाला त्याच १३ नं नुसतं गप्प बसवलं असतं. हा आक्षेप मला खोडून काढता येत नाही. एका प्रसंगावरून तो खोडताही येणार नाही. म्हणून पेंड्रॅगनची ही पिढी संपली की पुढची मोहीम तो चालवणार आहे, स्वभावाला एकही आकडा नसलेल्या खेळात, आणि मी खेळाडू म्हणून बसणार आहे. पात्र कोणतं घ्यायचं ते ठरलं आहे : एका सरायचा मालक, ज्याच्याकडं वैरी मुक्कामाला येणार हे आम्हा दोघांनाही आधीपासून माहीत असेल.